दोन थरांची टाकी : थरबद्ध पाण्यातली खळबळ आणि मिसळण मोजायची कशी

पावसाळ्यात मांडवी आणि झुआरीच्या मुखांत वरून नदीचे गोडे पाणी वाहत असते आणि त्याच्या पोटाखालून समुद्राचे खारे पाणी आत सरकत असते. बंगालच्या उपसागरात हाच खेळ फार मोठ्या प्रमाणावर चालतो. गंगा-ब्रह्मपुत्रेचे पाणी आणि पाऊस मिळून वर हलक्या पाण्याची पातळ पांघरूण-पट्टी तयार होते. तिच्यामुळे खालचे पाणी वर यायला अटकाव होतो आणि वादळाचा वारासुद्धा तो थर सहजासहजी मोडू शकत नाही. हलका थर वर आणि जड थर खाली असला की त्यांना मिसळायला ऊर्जा खर्चावी लागते. ती ऊर्जा खळबळ, म्हणजे टर्ब्युलन्स, पुरवते. प्रश्न एवढाच, की किती खळबळीने किती मिसळण होते?

हा प्रश्न समुद्रावर सोडवणे महागडे आणि किचकट आहे. पण पंचवीस लिटर पाणी, शंभर ग्रॅम मीठ आणि एक हलती जाळी एवढ्यावर महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत तो नीट मांडता येतो. ही युक्ती जुनी आहे. इटालियन लुइजी मार्सिली याने बॉस्फरसच्या सामुद्रधुनीत पृष्ठभागाखाली उलटा प्रवाह का असतो ते दाखवायला मध्ये पडदा असलेली टाकी वापरली आणि १६८१ साली ते प्रसिद्ध केले. ऑस्बर्न रेनॉल्ड्सने १८८३ च्या निबंधात पाणी आणि कार्बन बायसल्फाइड यांचे थर असलेली नळी तिरकी करून थरांच्या सीमेवर लाटा उठताना दाखवल्या. आपण इथे जी मांडणी करणार आहोत ती हलत्या जाळीची. रूस आणि दोदू यांनी ती १९५५ मध्ये वापरली आणि केंब्रिजच्या स्टुअर्ट टर्नर यांनी १९६८ मध्ये तिच्यातून काढलेला निष्कर्ष आजही प्रत्येकजण ताडून पाहतो.

आधीच सांगून ठेवतो, या प्रयोगातले ऐंशी टक्के काम मोटर सुरू करण्याआधी संपते. टाकी कशी भरली, दोन्ही पाण्यांचे तापमान सारखे होते का, घनता कशी मोजली, यावर सगळे अवलंबून आहे. रंगीत पाण्याचे देखणे व्हिडिओ कोणालाही काढता येतात. सुरुवातीचा आणि शेवटचा घनतेचा आलेख हातात नसेल तर त्या व्हिडिओवरून मिसळणीबद्दल काहीही म्हणता येत नाही. रंगाचे धागे लांबच लांब ताणले जातात, वर येतात, आणि त्यातले बरेचसे पुन्हा आपल्या जागी खाली बसतात. ते पाणी हलले खरे, पण मिसळले नाही. मिठाचे रेणू शेजारच्या पाण्यात कायमचे विखुरले गेले तरच मिसळण झाली, आणि त्याचा पुरावा सगळे शांत झाल्यावर घेतलेल्या घनतेत मिळतो.

टाकी आणि जाळी

टाकी चौकोनी हवी. आतून २५ सेंटीमीटर बाजू आणि ५० सेंटीमीटर उंची. मत्स्यालय बनवणाऱ्या दुकानदाराकडून १० मिलिमीटर काचेची करून घेतली तरी चालते. अॅक्रिलिक हलके आणि कापायला सोपे, पण त्यावर ओरखडे लवकर येतात आणि शॅडोग्राफमध्ये, म्हणजे टाकीतून दिवा सोडून कागदावर पाडलेल्या सावलीत, प्रत्येक ओरखडा दिसतो. मी काच घेईन. टाकी ज्या टेबलावर ठेवणार ते पाणसळ लावून समतल करा.

जाळीसाठी १ सेंटीमीटर चौरस छेदाच्या पट्ट्या, मध्यापासून मध्यापर्यंत ५ सेंटीमीटर अंतरावर (हेच जाळीच्या घराचे माप), दोन्ही दिशांना पाच-पाच. या मापात जाळीचा भरीव भाग ३६ टक्के येतो. तो ४० टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नका, नाहीतर जाळीतून निघणाऱ्या धारा एकमेकींना चिकटतात आणि टाकीत मोठे भोवरे सुरू होतात. कडेच्या पट्टीपासून भिंत अडीच सेंटीमीटरवर, म्हणजे अर्ध्या घरावर आली पाहिजे. पट्ट्यांची टोके भिंतीला घासणार नाहीत पण जवळ असतील इतकी जागा सोडा. जाळी जराशी जरी तिरकी बसली तरी पाणी एका बाजूने वर आणि दुसऱ्या बाजूने खाली फिरू लागते. मग तुम्ही खळबळ मोजत नसता, ते चक्र मोजत असता.

जाळी वरखाली हलवायला १२ व्होल्टची गिअर मोटर, तिच्या चकतीवर १ सेंटीमीटर त्रिज्येवर बसवलेली खुंटी आणि एक लांब दांडा. त्यामुळे एकूण हालचाल २ सेंटीमीटरची होते. दांडा खुंटीच्या त्रिज्येच्या मानाने जितका लांब तितकी हालचाल शुद्ध साइन-वक्राच्या जवळ जाते. मोटर टाकीच्या चौकटीवर कधीही बसवू नका. तिला वेगळा स्टँड हवा, कारण काचेतून पाण्यात शिरणारी थरथर थरांच्या सीमेवर आपल्याच लाटा उठवते. मोटरचा वेग मोबाईलच्या स्लो-मोशन व्हिडिओत फेरे मोजून ठरवा. पॉवर सप्लायच्या आकड्यावर विश्वास ठेवून चालत नाही, भार पडला की वेग बदलतो.

मीठ, पाणी आणि तापमान

पुडीतल्या मिठात गुठळ्या होऊ नयेत म्हणून जे द्रव्य घातलेले असते त्यामुळे पाणी पुष्कळदा धुरकट होते. शक्य असेल तर प्रयोगशाळेतले सोडियम क्लोराइड वापरा. ते नसेल तर मिठाचे द्रावण रात्रभर ठेवून वरचे निवळ पाणी गाळून घ्या.

२० अंश सेल्सिअसला शुद्ध पाण्याची घनता ९९८.२ किलो प्रतिघनमीटर असते. वजनाने १ टक्का मीठ घातले की ती सुमारे ७ किलोने वाढते. आपल्याला दोन थरांत ५ किलो प्रतिघनमीटर फरक हवा आहे, म्हणजे लिटरला साधारण ७ ग्रॅम. खालचा थर २२ सेंटीमीटर ठेवला तर त्याला पावणेचौदा लिटर पाणी लागते, आणि मीठ शंभर ग्रॅमच्या आत-बाहेर. वरचा थर १८ सेंटीमीटर, म्हणजे सव्वाअकरा लिटर.

आता तापमान. नवखा माणूस हमखास इथे फसतो. २५ अंशांच्या आसपास पाणी १ अंशाने तापले की त्याची घनता सुमारे ०.२६ किलो प्रतिघनमीटरने घटते. एक बादली नळाच्या ताज्या पाण्याची आणि दुसरी कालपासून खोलीत ठेवलेली, असा ५ अंशांचा फरक असेल तर १.३ किलोची गडबड झाली. आपला एकूण फरकच ५ किलो आहे! म्हणून दोन्ही बादल्या झाकून एकाच खोलीत रात्रभर ठेवा. याचा दुसरा फायदा असा की नळाच्या पाण्यात विरघळलेली हवा बाहेर पडते. नाहीतर प्रयोगाच्या मध्यावर काचेवर आणि जाळीवर बुडबुडे दाटतात, ते वर चढताना आपल्याबरोबर जड पाणी ओढतात, आणि कॅमेऱ्यात काळे ठिपके होऊन बसतात. पंखा आणि एसी बंद ठेवा, टाकीवर सपाट झाकण ठेवा. पृष्ठभागावरून बाष्पीभवन झाले की वरचे पाणी गार होऊन खाली उतरते आणि न मागता ढवळणे सुरू होते.

थर लावणे

दोन पद्धती आहेत. जड पाणी आधी भरून त्यावर हलके पाणी तरंगत्या स्पंजवरून सोडायचे, किंवा हलके पाणी आधी भरून त्याच्या खाली नळीने जड पाणी सरकवायचे. मला दुसरी जास्त आवडते, कारण वरून पडणाऱ्या धारेपेक्षा तळातून पसरणारे पाणी कमी उधळते.

वरच्या थराचे गोडे पाणी टाकीत ओता आणि ते पूर्ण थांबेपर्यंत थांबा. टाकीच्या कोपऱ्यातून तळापर्यंत एक बारीक नळी सोडा. तिच्या तोंडाशी टाकीच्या तळाला समांतर बसेल असा स्पंजाचा तुकडा दोऱ्याने बांधा. जड पाण्याची बादली टाकीपेक्षा उंच ठेवा आणि नळीला चिमटा लावून प्रवाह मिनिटाला पाव लिटरच्या खाली ठेवा. नळीत आधी जड पाणी भरून घ्यायला विसरू नका. तीत हवा राहिली तर पहिल्याच क्षणी फुग्यांचा फवारा उठतो आणि सगळे पाणी एकजीव होते. तळाशी दोन-तीन सेंटीमीटरचा थर जमला की प्रवाह थोडा वाढवता येतो, कारण आता येणारे पाणी स्वतःच्याच घनतेच्या पाण्यात शिरते आहे. सव्वा-दीड तासाची तयारी ठेवा. घाई केली तर थरसीमा तीन-चार सेंटीमीटर जाड होते आणि मग ती सीमा राहत नाही.

भरून झाल्यावर नळी लगेच ओढून काढू नका. ती आधी चिमट्याने बंद करा, मग अगदी हळू वर घ्या, नाहीतर तिच्याबरोबर जड पाण्याचा धागा वर येतो.

नीट भरलेल्या टाकीत थरसीमा किती काळ टिकते? मिठाचा रेणवीय प्रसार फार मंद आहे, सुमारे १.५ गुणिले दहाचा उणे नववा घात चौरस मीटर प्रतिसेकंद. तासाभरात त्यातून सीमा दोन-अडीच मिलिमीटर पसरते, दिवसभरात सव्वा सेंटीमीटरच्या आत. उष्णता याच्या जवळजवळ शंभरपट वेगाने पसरते. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे टर्नर यांच्या निष्कर्षात तो महत्त्वाचा आहे.

घनता मोजणे

या प्रयोगात मन लावून करायचे काम हेच आहे. हायड्रोमीटर थर भरताना तपासायला ठीक आहे, पण त्याची बारीक खूण अर्ध्या ते एक किलोची असते. ५० मिलिलिटरची विशिष्ट घनता बाटली आणि १ मिलिग्रॅम अचूकतेचा तराजू असेल तर सिद्धांततः ०.०२ किलो प्रतिघनमीटरपर्यंत जाता येते. प्रत्यक्षात तापमान तुम्हाला त्याआधीच थांबवते. ही बाटली प्रमाण ठरवायला वापरा.

टाकीतल्या आलेखासाठी वाहकता शलाका, म्हणजे पाण्यातून वीज किती सहज वाहते ते मोजणारी कांडी, हवी. बारीक नळीच्या टोकाला दोन प्लॅटिनमच्या किंवा स्टेनलेस स्टीलच्या तारा, आणि त्यांतून प्रत्यावर्ती विद्युतप्रवाह. दिष्ट प्रवाह चालवला तर तारांवर बुडबुडे जमतात आणि वाचन सरकत राहते. काही किलोहर्ट्झची वारंवारता पुरते. शलाका वरखाली नेण्यासाठी थ्री-डी प्रिंटरमध्ये असतो तसा ८ मिलिमीटर प्रतिफेरा सरकणारा लीड स्क्रू आणि २०० पावलांची स्टेपर मोटर लावली की एका पावलाला ०.०४ मिलिमीटर येते. हे आपल्या गरजेपेक्षा किती तरी बारीक आहे.

प्रमाणीकरणासाठी लिटरला ०, २, ४, ६, ८ आणि १० ग्रॅम अशी द्रावणे करा. प्रत्येकाची घनता बाटलीने काढा, त्याच तापमानाला शलाकेचे वाचन घ्या आणि दोन्हींचा आलेख काढा. रेषा किंचित वाकलेली येईल. तिच्यावर सरळ रेषा लादू नका, वर्गपद असलेला वक्र बसवा. वाहकता दर अंशाला सुमारे २ टक्क्यांनी वाढते. म्हणजे १ अंशाच्या चुकीने आपल्या ५ किलोंत ०.१ किलोची चूक आली. शलाकेजवळ एक तापमापी असूच द्या. प्रमाणीकरण प्रयोगाच्या आधी करा आणि नंतर पुन्हा करा. दोन्ही जुळले नाहीत तर तारांवर काहीतरी बसले आहे.

आलेख फक्त खाली जाताना घ्या. वर येताना शलाका आपल्या मागे जड पाण्याची शेपटी ओढत आणते आणि थरसीमा आहे त्यापेक्षा वर दिसते. शलाका जाळीच्या घरातून जाईल अशी जागा आधीच ठरवून खूण करून ठेवा. घरातली मोकळी जागा चार सेंटीमीटरची आहे, अडचण येत नाही, फक्त त्या वेळी मोटर बंद असली पाहिजे.

डोळ्यांसाठी दोन साधने. पहिला शॅडोग्राफ : तीन-चार मीटरवर छोटा तेजस्वी दिवा किंवा प्रोजेक्टर, टाकीच्या दुसऱ्या बाजूच्या काचेवर ट्रेसिंग पेपर. खाऱ्या पाण्याचा अपवर्तनांक गोड्यापेक्षा जास्त असतो, टक्क्याला साधारण ०.००१८ ने. म्हणून सीमेवरची प्रत्येक सुरकुती कागदावर उजळ-काळ्या रेषांत उमटते. दुसरा रंग : खालच्या थरात थोडा खाण्याचा रंग, मागे एकसारखा एलईडी पॅनेल, पुढे कॅमेरा. प्रकाश किती शोषला गेला त्याच्या लॉगॅरिदमवरून रंगाचे प्रमाण काढता येते. कॅमेऱ्याचे एक्स्पोजर, फोकस आणि व्हाइट बॅलन्स हाताने कुलूपबंद करा. मोबाईल स्वतःहून उजेड सावरत बसला तर तुमची सगळी मोजणी त्याच्या मर्जीवर जाते. रंग मिठासारखाच हळू पसरतो, म्हणून तो मिठाच्या जागी चालतो. गरम आणि गार पाण्याच्या प्रयोगात मात्र रंग उष्णतेचा साक्षीदार होऊ शकत नाही, उष्णता रंगाला मागे टाकून पुढे निघून गेलेली असते.

जाळी चालवण्याआधी कागदावर

जाळी पाण्याच्या पृष्ठभागाखाली ५ सेंटीमीटरवर ठेवा. थर १८ सेंटीमीटरचा, म्हणजे सीमा जाळीपासून १३ सेंटीमीटरवर. खळबळ जाळीपासून दूर जाताना विझत जाते. हॉपफिंगर आणि तोली यांनी १९७६ मध्ये दिलेला नियम असा : खळबळीचा वेग म्हणजे ०.२५ गुणिले वारंवारता, गुणिले हालचालीच्या लांबीचा दीड घात, गुणिले जाळीच्या घराच्या मापाचे वर्गमूळ, भागिले जाळीपासूनचे अंतर. हा नियम जाळीपासून घराच्या दोन-अडीच पटींच्या पलीकडे लागू पडतो. आपले १३ सेंटीमीटर त्याच्या काठावर बसते, म्हणून जाळी याहून खाली आणू नका.

सेकंदाला ४ हेलकावे घेऊन गणित करू. जाळी २ सेंटीमीटर हलते, तिचा दीड घात २.८३. घर ५ सेंटीमीटर, वर्गमूळ २.२४. सगळे गुणून ६.३, त्याला १३ ने भागले की सेकंदाला ०.४९ सेंटीमीटर. भोवऱ्यांची लांबी अंतराच्या साधारण एक दशांश धरतात, म्हणजे १.३ सेंटीमीटर.

आता घटलेले गुरुत्व, म्हणजे गुरुत्व गुणिले घनतेतला फरक भागिले पाण्याची घनता : ९.८१ गुणिले ५, भागिले १०००, म्हणजे सेकंदाच्या वर्गाला ४.९ सेंटीमीटर. घटलेले गुरुत्व गुणिले भोवऱ्याची लांबी, भागिले वेगाचा वर्ग, हा झाला रिचर्डसन अंक. इथे तो २७ च्या जवळ येतो. थर किती तग धरतील आणि खळबळ किती जोर लावेल त्याचे हे गुणोत्तर. अंक मोठा म्हणजे थर हट्टी.

एक गंमत. दोन्ही थर पूर्ण मिसळले तर पाण्याची स्थितिज ऊर्जा किती वाढेल? अर्धे गुरुत्व, गुणिले घनतेतला फरक, गुणिले टाकीचे क्षेत्रफळ, गुणिले दोन्ही थरांच्या जाड्या. उत्तर येते ०.०६ ज्यूल. साठ ग्रॅम वजन दहा सेंटीमीटर उचलायला तेवढी ऊर्जा लागते. तुमची मोटर एवढी ऊर्जा पापणी लवायच्या आत खर्चते. त्यामुळे मोटरने खाल्लेल्या वीजेवरून मिसळणीची कार्यक्षमता काढायच्या भानगडीत पडू नका. ती जवळजवळ सगळी गिअरमध्ये आणि पाण्याच्या घर्षणात गेलेली असते.

प्रयोग

पहिला घनतेचा आलेख घ्या. मग कॅमेरा चालू, आणि मोटर चालू.

पहिल्या मिनिटात काही विशेष दिसत नाही. मग वरच्या थरात भोवरे खाली पोचतात, सीमा हलू लागते आणि थोड्याच वेळात ती पहिल्यापेक्षा धारदार होते. भरताना राहिलेला जाडपणा वरच्या बाजूने खाल्ला जातो. सीमेवर ठिकठिकाणी टोकदार उंचवटे उठतात, त्यांच्या शेंड्यावरून जड पाण्याचे धागे सुटून वर ओढले जातात. खालचा थर मात्र शांतच राहतो. खळबळीच्या बाजूने दुसऱ्या बाजूचे पाणी ओढून घेणे म्हणतात ते हेच. सीमा मिनिटाला काही मिलिमीटर या वेगाने खाली सरकू लागते.

दर वीस-तीस सेकंदांनी सीमेची खोली नोंदवा. व्हिडिओत दर ओळीची सरासरी काढून रंग जिथे सर्वांत वेगाने बदलतो ती ओळ घ्या. डोळ्यांनी अंदाज घेतला तर दोन माणसांत दोन-तीन मिलिमीटरचा फरक पडतो. सुरुवातीची मिनिटे मोलाची आहेत, कारण सीमा फक्त ३ सेंटीमीटर खाली गेली की तिचा वेग जवळपास अडीचपट मंदावतो. जाळीपासून अंतर वाढले, भोवरे दमले.

वरचा थर जाड होतो तसा त्यात मीठ येत जाते आणि फरक घटतो. मीठ कुठे जात नाही, म्हणून वरच्या थराची जाडी गुणिले घनतेतला फरक हा गुणाकार स्थिर राहिला पाहिजे. सुरुवातीला १८ गुणिले ५, म्हणजे ९०. थर २४ सेंटीमीटरचा झाला तर फरक ३.७५ उरला पाहिजे. मोटर थांबवून घेतलेल्या मधल्या आलेखात हा गुणाकार दहा टक्क्यांहून जास्त भरकटला असेल तर प्रमाणीकरण, बाष्पीभवन, किंवा शलाकेच्या जागेची चूक, यांपैकी काहीतरी आहे. ही तपासणी न करता पुढचे आकडे लिहू नयेत, असे माझे ठाम मत आहे.

मग तोच प्रयोग वेगवेगळ्या वारंवारतांना आणि घनतेच्या फरकांना करा. सेकंदाला ३, ४, ५ हेलकावे आणि २, ५, १० किलोंचे फरक पुरेसे आहेत. त्याहून मंद जाळीवर वेळ घालवण्याआधी विचार करा. खाऱ्या पाण्यात सीमेचा वेग खळबळीच्या वेगाच्या चौथ्या घाताने बदलतो, म्हणजे वारंवारता निम्मी केली की तो सोळाव्या भागावर येतो. मग मिठाचा प्रसारच प्रयोगाला गाठतो. जाळी फार जोरात चालवली तर पुन्हा टाकीभर चक्रे सुरू होतात.

सीमेचा वेग भागिले खळबळीचा वेग, हे गुणोत्तर उभ्या अक्षावर आणि रिचर्डसन अंक आडव्या अक्षावर, दोन्ही लॉग मापात मांडा. टर्नर यांना मिठाच्या थरांत या रेषेचा उतार उणे दीड आणि उष्णतेच्या थरांत उणे एक मिळाला. याचा अर्थ असा की सीमा ओलांडताना रेणवीय प्रसाराचाही हात असतो, निव्वळ भोवऱ्यांचा जोर पुरत नाही. तुम्हाला मिठाला उणे सव्वा ते उणे पावणेदोनच्या दरम्यान उतार मिळाला तर टाकी नीट चालली. उष्णतेचा प्रयोग करायचा असेल तर ४० अंशांचे पाणी २० अंशांच्या पाण्यावर भरा, फरक ६ किलोंच्या घरात येतो. टाकीला चारी बाजूंनी थर्मोकोल लावा, फक्त कॅमेऱ्यापुरती खिडकी ठेवा. काचेतून जाणारी उष्णता हीच इथली मोठी चूक.

कार्यक्षमता हवी असेल तर जाळी सोडा

किती ऊर्जा घालून किती मिसळण झाली हे विचारायचे असेल तर मोटर काढून जाळी दोन्ही थरांतून पडू द्या. पॉल लिंडन यांनी १९८० मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग याच धाटणीचा होता. जाळीचे पाण्यातले निव्वळ वजन २० ग्रॅम ठेवले आणि ती ३० सेंटीमीटर पडली, तर पाण्याला सुमारे ०.०६ ज्यूल मिळाले. हा हिशोब स्वच्छ आहे, त्यात मोटर नाही. ती एकसारख्या वेगाने पडते ना एवढे व्हिडिओत पाहा.

एकदा पडून होणारा बदल इतका लहान असतो की घनतेच्या आलेखात तो गोंगाटात हरवतो. म्हणून ती पुन्हापुन्हा पाडा, वर घेताना अगदी हळू घ्या, आणि सगळ्या पडण्यांची ऊर्जा मिळवून शेवटच्या आलेखाशी तुलना करा. सगळे पाणी पूर्ण थांबल्यावरच शेवटचा आलेख घ्यायचा. समुद्रशास्त्रज्ञ १९८० मधल्या थॉमस ऑस्बर्न यांच्या कामापासून एक ठोकताळा वापरतात : खळबळीची जेवढी ऊर्जा घर्षणात जाते तिच्या साधारण एक पंचमांश ऊर्जा मिसळणीत जाते. टाकीत तुम्हाला याहून बरेच कमी आकडे मिळतील. रिचर्डसन अंक बदलला की तेही बदलतील. समुद्राच्या आकड्याशी जुळवून घेण्यासाठी प्रयोग वाकवू नका.

पुढची टाकी : सलग बदलणारी घनता

दोन थरांवर हात बसला की सलग बदलणारी घनता करून पाहा. एकाच मापाच्या दोन बादल्या शेजारी ठेवून तळाशी नळीने जोडा. पहिलीत गोडे पाणी, दुसरीत खारे. पहिलीत ढवळणी चालू ठेवा आणि तिच्यातूनच टाकीच्या तळाशी पाणी सोडा. दोन्ही बादल्यांची पातळी बरोबरीने उतरते, म्हणजे दुसरीतून येणारा प्रवाह बाहेर जाणाऱ्याच्या निम्मा राहतो, आणि तेवढ्याने टाकीत घनता सरळ रेषेत वाढते. ४० सेंटीमीटर खोलीत २० किलोंचा फरक ठेवला तर त्या पाण्यातला धक्का दिलेला कण साधारण ९ सेकंदांत एक हेलकावा घेतो.

आता त्यात उभा दांडा टाकीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ठरावीक वेगाने पुन्हापुन्हा फिरवा. फिलिप्स यांनी १९७२ मध्ये आणि पॉझ्मेंटियर यांनी १९७७ मध्ये गणिताने सुचवले होते की जोरदार थरबद्ध पाणी ढवळले की काही वेळा ते गुळगुळीत होण्याऐवजी पायऱ्या-पायऱ्यांचे होते. रडिक, मॅकडूगल आणि टर्नर यांनी १९८९ मध्ये आणि पार्क, व्हाइटहेड आणि ज्ञानदेशिकन यांनी १९९४ मध्ये दांड्यांनीच ते टाकीत दाखवले. शॅडोग्राफवर आडव्या रेषा उमटू लागल्या की पायऱ्या पडल्या.

पण हेच चित्र दुसऱ्या कारणानेही येते. खिडकीतले ऊन टाकीच्या एका भिंतीवर पडले, किंवा भिंतीजवळ गरम उपकरण असले, तरी मिठाच्या उतारावर आडवे थर आपोआप तयार होतात. त्यासाठी तशीच भरलेली दुसरी टाकी शेजारी ठेवा, तिला हात लावू नका, आणि दोन्हींचे आलेख त्याच वेळांना घ्या. दुसऱ्या टाकीत पायऱ्या आल्या तर खिडकी झाकून पुन्हा भरायला सुरुवात करा.